रत्नम्मा सिस्टरनं थांबवलेली सुई

रत्नम्मा सिस्टरला उद्या कामावर घेतील का, ही चिंता काही केल्या मनातून जात नाही. तिला घालवण्यात माझाही हात आहे.

माझ्या लेकीचा, नीलम्माचा हात मोहोळला मामाकडे कडबा कापायच्या यंत्रात गेला. सोलापुरात ऑपरेशन झालं. भुलीचे डॉक्टर शरणप्पा यांनी तिच्या काखेत बारीक नळी ठेवली. त्यातून दर चार तासांनी लिग्नोकेन सोडलं की हात बधिर राहतो. शरणप्पा अकलूजला गेले आणि तक्त्यावर डोस लिहिला मोठ्या डॉक्टरांनी. वीस सीसी. त्यांच्याकडे सगळ्यांना वीसच.

रत्नम्मा अक्कलकोटकडची, बावीस वर्षं नर्स. वॉर्डातला काटा मोडलेला, म्हणून ऑपरेशनआधीच तिनं नीलम्माला समोरच्या सुताच्या दुकानात नेऊन गाठी तोलायच्या काट्यावर उभं केलं. छत्तीस किलो. औषध ती थांबत थांबत सोडते आणि पेशंटला बोलतं ठेवते. जीभ अडखळली की डोस जास्त झाला, हे तिचं गणित.

"नीला, मोहोळपासनं हितपर्यंत एसटी कुटं कुटं थांबती, सांग की."

"तुम्हाला जायचंय का सिस्टर?"

"व्हय, तुझ्या मामाकडं. कडबा कापायला!"

आज आठच्या डोसला निम्मं औषध गेलं आणि थांबे सांगताना नीलम्मा सावळेश्वरलाच अडखळली. ओठांना मुंग्या, कानांत घणघण. रत्नम्मानं तिथंच नळीतून सुई काढली.

मोठे डॉक्टर आले तोवर नीलम्मा सावरली होती.

"सिस्टर, डोस कोण ठरवतं?"

"साहेब, पोर छत्तीस किलोची, सुताच्या काट्यावर तोललीया. हे साठ किलोच्या गड्याचं माप हाय. आदलं उतरायच्या आत फुडलं चढतंय की."

"सुताच्या काट्यावर माणसं तोलता? उद्यापासून येऊ नका." मग माझ्याकडे वळले. "बाई, मुलीला काही त्रास झाला का?"

मी बी.ए. झालेली बाई. लेकीला इथून काढतील या भीतीनं म्हणाले, "नाही, विशेष काही नाही."

रत्नम्मानं माझ्याकडे पाहिलंही नाही. नीलम्माची चादर सारखी केली आणि गेली.

डॉक्टरांचा संताप येतो, पण त्यांनी विचारलं तेव्हा खरं कोण बोललं नाही? रात्रीचे साडेदहा वाजलेत. तक्त्यावर अजून वीसच आहे, आणि बाराला येणारी नवी सिस्टर वीसच सोडणार.

शरणप्पांचा अकलूजचा नंबर ऑफिसातल्या वहीत आहे. आत्ताच ट्रंक कॉल लावते. आधी डोस बदलून घेणार, मग सांगणार की रत्नम्मा खरी होती आणि खोटं मी बोलले.