सावरगावच्या काठावरून

आमच्या मावसाजींइतकं पांढुर्ण्यावर प्रेम करणारा माणूस आजवर झाला नाही, आणि पांढुर्ण्याच्या माणसांना त्यांच्याइतक्या वेळा ‘बाजूला व्हा’ म्हणणाराही दुसरा झाला नसेल. ते सरकारी शाळेत चित्रकला शिकवायचे. पण गाव त्यांना ओळखायचं ते तीन पायांच्या घोडीवर लाकडी पेटारा चढवून, डोक्यावरून काळं फडकं घेऊन भर बाजारात ओणवा उभा राहणारा मास्तर म्हणून. मी शिकायला मावशीकडे होते, त्यामुळे हा सगळा तमाशा मला घरबसल्या पाहायला मिळाला.

स्वातंत्र्य आलं तेव्हा रेल्वेतला एक गोरा साहेब सामान विकून विलायतेला निघाला. कोणी त्याचं टेबल घेतलं, कोणी आरामखुर्ची, एकाने तर कुत्रा घेतला. मावसाजी हमालाच्या डोक्यावर पेटारा देऊन घरी आले. आतला कातडी भाता पाहून मावशी हरखली. तिला वाटलं, बाजाची पेटी आणली. तिने हात धुतले, पाट मांडला आणि पट्ट्या कुठे आहेत ते शोधू लागली. तो फोटोचा कॅमेरा आहे हे कळल्यावर पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याकडे सवतीकडे पाहावं तशी पाहत होती. तिचंही चुकत नव्हतं. सौसरच्या मोटारीत मावसाजी खिडकीजवळची जागा पेटाऱ्याला देत आणि घोडी मावशीच्या मांडीवर. रामाकोन्याच्या स्टेशनचा फोटो काढायला गेले तेव्हा ऊन मनासारखं पडेना म्हणून त्यांनी परतीची गाडी खुशाल जाऊ दिली, आणि परतीच्या गाडीत खायच्या दशम्यांचं गाठोडं मावशीने तिथेच फलाटावर सोडलं.

ते काढत फक्त गाव. गल्ल्या, माड्या, जिनिंगची धुराडी, संत्र्याच्या बाजाराची रिकामी टिनाची शेड. माणूस त्यांना चित्रात नको असे, कारण माणूस हलतो. त्या कॅमेऱ्यात ताटलीएवढी एकेक फिल्म घालायची, भिंगाचं टोपण काढायचं आणि वाट पाहायची. किती वाट पाहायची ते मावसाजी पाढ्यांवर ठरवत: लख्ख ऊन असेल तर बेचा पाढा घाईने, आभाळ असेल तर एकोणीसचा सावकाश. तेवढ्यात मध्येच कोणी चालत गेलं तर फिल्मवर त्याचा नुसता धुरकट फराटा उमटे, आणि मावसाजी त्या दिवशी जेवत नसत. हौशी लोक मात्र नवं धोतर नेसून नेमके भिंगासमोर येऊन उभे राहत.

त्या पेटाऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसे. एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या नव्या दुमजली दुकानाचा फोटो काढायचं ठरलं, तेव्हा शेठने फडक्याखाली डोकं घातलं आणि तसाच घाबरून बाहेर काढलं. “गुरुजी, भरल्या घरी माही दुकान उलटी काहून करून राहिले?” भिंगातून असंच दिसतं, फोटो सरळच येतो, हे मावसाजींनी परोपरीने सांगितलं. शेठ ऐकेना. शेवटी तो काचेकडे पाठ करून वाकला आणि दोन पायांमधून मागे पाहू लागला. मावसाजी त्याच्यावर फडकं धरून उभे. दुकान पायावर उभं दिसलं तेव्हाच त्याने परवानगी दिली. मुनीम लोक हसू दाबत वखारीत पळाले.

मग राज्यांची फेररचना ठरली. नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं, राजधानी भोपाळला जाणार होती, आणि आम्ही मराठी बोलणारे पांढुर्णा-सौसरवाले होतो तिथेच मध्य प्रदेशात राहणार होतो. नोकरदारांना कुठे राहायचं ते विचारलं गेलं. मावशीचं माहेर नागपूरचं. म्हातारी आई तिथे, भाऊ तिथे. शिवाय शेजारच्या पार्वताबाईशी कढीपत्त्याच्या झाडावरून तिचा कडक अबोला चालू होता. कुंपणावरचं झाड नेमकं कोणाचं, एवढाच प्रश्न. पण दोघी वर्षभर एकमेकींच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. मावशीने सरळ सांगून टाकलं, मले नागपूरले जायचं आहे. मावसाजी नाही म्हणाले नाहीत. ते फक्त शाळेतून आल्यावर गच्चीवर जाऊन बसू लागले. त्यांच्या जिवाला काय होत होतं ते आम्हा दोघींना दिसत होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटे.

पोळा होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत पसंती कळवायची, तर मावसाजी म्हणाले, एक फोटो काढून घेतो, तिकडे नागपूरला भिंतीवर लावायला होईल. जाम नदीपलीकडे सावरगावच्या काठावरून सगळं पांढुर्णा दिसतं, नदीच्या उतारावरचं आमचं घरही दिसतं. कधी नव्हे ती मावशीही निघाली. मला वाटतं, तिलाही गाव एकदा पाहून घ्यायचं होतं. मी होतेच. पेटारा उभा झाला, काचेवर गाव आलं, आणि मावसाजींनी आजवर जे कधी केलं नव्हतं ते केलं. फडकं वर धरून ते मावशीला म्हणाले, “तू पाह्य आधी.”

ती आत गेली ती बाहेर येईना. तोवर आभाळ भरून आलं, वारं सुटलं. मावसाजींची चुळबुळ सुरू झाली. बऱ्याच वेळाने मावशीचा आवाज आला.

“अहो, पार्वता माह्ये कपडे काढून राहिली दोरीवरचे.”

“कोन?”

“पार्वता. आभाळ आलं नं. आपल्या घरात नेऊन ठेवून राहिली.” ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. “नागपुरात माह्ये कपडे कोन काढन?”

मावशी नाक पुसत म्हणाली, “काढा नं आता फोटो. पाणी येऊन राहिलं.” त्यांनी एकोणीसचा पाढा म्हटला.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी पांढुर्णाच सांगितलं. फोटोत नदी, कौलं, धुराडी सगळं सुरेख आलं, आणि आमच्या परसात दोरीपाशी एक धुरकट फराटा. मावसाजींनी तो फोटो फाडला नाही. चौकट करून घेतली. पुढे पार्वताबाई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. तिचा मुलगा विचारत आला. मावसाजींनी भिंतीवरून चौकट उतरवून त्याच्या हातात दिली आणि फराट्यावर बोट ठेवलं. पार्वताबाईच्या घरी बैठकीत अख्ख्या पांढुर्ण्याला हार घातला होता. नवा पाहुणा विचारी, हे कोणाचं, तर सांगत, आमच्या माईचा फोटो आहे.

मग मावसाजी गेले. जन्मभर फडक्याखाली राहिलेल्या माणसाचा फोटो कुठून असणार? पार्वताबाईचा मुलगा तीच चौकट घेऊन आला. आम्ही ती पाटावर ठेवली, हार घातला. भेटायला आलेल्या एका बाईने खूप वेळ निरखून हळूच विचारलं, यात मास्तर कुठे आहेत.

मावशी म्हणाली, “ते त्यात नाहीत, बाई. ते इकडून पाहून राहिले.”