एकाच नखाला आलेलं वय

बाबा निवृत्त झाले तेव्हापासून आमच्या दिग्रसच्या घराला डॉक्टरची उणीव नाही. पित्त असो, गुडघे असोत की शेजाऱ्याची कंबर, त्यांचं निदान तयार असतं. यंदा उन्हाळ्यात त्यांनी आईची नखं मनावर घेतली.

आईच्या सगळ्या बोटांच्या नखांवर मुळापासून टोकापर्यंत बारीक उभ्या रेषा आल्या आहेत. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून त्या पाहिल्या आणि म्हणाले, "इन्फेक्शन हाय हे. तू कणकीले हात नोको लावू."

नेमके त्याच आठवड्यात माझे यजमान येणार होते. जावई आले की आई सरगुंडे करते. कणकेची पातळ पट्टी काडीवर गुंडाळायची, वाळवायची, शिजवून आंब्याच्या रसासोबत वाढायची. सरगुंडे म्हणजे तिचा मान. तिने मुकाट्याने परात फळीवर ठेवली. मला चहा देतानाही ती बोटं पदराखाली घ्यायला लागली, तेव्हा मात्र मला बाबांचा खरोखर राग आला.

मी आईला यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबा देखरेखीला आलेच.

बाईंनी एकेक बोट उजेडात धरून पाहिलं. रेषा सगळ्या नखांवर सारख्या, रंग ठीक, नखाखाली भुगा नाही, बोटाला सूज नाही. "वयाच्या रेषा आहेत, काकू. चेहऱ्याला सुरकुत्या पडतात तशाच. तेल लावत जा आणि खुशाल कणीक मळा."

बाबांना निकाल पटला नाही. ते तोंड पाडून उठले तेव्हा बाईंची नजर त्यांच्या चपलेतल्या अंगठ्यावर गेली. तिथलं नख पिवळं, जाड, टोकाला भुरभुरलेलं आणि मांसापासून सुटलेलं होतं.

"हे काय, काका?"

"हे वयाचं हाय," बाबा ठामपणे म्हणाले.

"मग वय एकाच नखाला आलं का?"

आई कितीतरी दिवसांनी हसली. बाईंनी मात्र घाई केली नाही. बुरशी असेल किंवा जुना मारही असेल, तपासल्याशिवाय गोळ्या नकोत, म्हणून त्यांनी नखाचा तुकडा काढून घेतला.

सरगुंडे झाले, जावई रस ओरपून गेले आणि रिपोर्ट आला. बुरशीच होती. औषध सुरू झालं, बाबांचं नेलकटर वेगळं झालं.

बाबांची कंबर वाकत नाही, त्यामुळे त्यांच्या पायाची नखं वर्षानुवर्षं आईच काढते. त्या दिवशी ते नवं नेलकटर घेऊन एकटेच ओसरीवर खटपट करत होते. हात अंगठ्यापर्यंत पोचेना आणि आईला सांगायचं तोंड उरलं नव्हतं.

आई त्यांच्यासमोर पाटावर येऊन बसली. "आणा पाय इकडं."

"अवं, इन्फेक्शन हाय," बाबा पुटपुटले.

"माहीत हाय मले. मंग धुईन ना साबणानं हात. तुमच्यासारखं परात फळीवर ठेवा म्हनू काय?"

तिने पाय मांडीवर ओढून घेतला. बाबांनी नवं नेलकटर तिच्या हातात दिलं.