सहलीत दाखवायचं घर

लाँचचा भोंगा वाजला की वहिनींच्या घरात आवराआवर सुरू व्हायची. पण ती जगाच्या उलट. कोणाकडे पाहुणे यायचे असले की चांगली भांडी बाहेर निघतात, धुतलेली चादर अंथरली जाते. इथे मात्र चांगलं ते सगळं आत जायचं. गॅसची शेगडी फळीमागे, टीव्हीवर गोणपाट, प्लास्टिकच्या बादल्या खाटेखाली. मग सासूबाईंना खिडकीजवळच्या बाकावर बसवायचं, हातात दोर वळायला काथ्या द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी त्यांचा वॉकर उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवायचा.

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकरशिवाय सासूबाईंचं पाऊल उठत नव्हतं. तरी तो आत जायचा, कारण सहल कंपनीचं म्हणणं असं, की तो फोटोत चमकतो.

बेट किनाऱ्यापासून फार लांब. सकाळी निघालेली लाँच दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धक्क्याला लागे. हवा उबदार, डोंगर बाराही महिने हिरवे, झाडाएवढी उंच नेची आणि कड्यावर समुद्रपक्ष्यांची वस्ती. हे सगळं पाहायला कंपनीनं ‘निसर्ग आणि संस्कृती सहल’ काढली होती. दुपारपर्यंत निसर्ग उरकायचा आणि जेवणानंतर लाँचनं पुन्हा भोंगा दिला की संस्कृती. संस्कृती म्हणजे वहिनींचं घर.

त्यांचंच का, तर वस्तीतल्या बाकी सगळ्यांनी विटा-सिमेंटची घरं बांधली होती. वहिनींचे यजमान मिस्त्री, इंजिनं दुरुस्त करायचे. दुसऱ्याचं इंजिन रात्रीतून चालू करून देणारा हा माणूस स्वतःच्या घराचा विषय निघाला की ‘बघू, पुढच्या वर्षी’ म्हणायचा. त्यामुळे लाकडी भिंती तशाच राहिल्या. मिस्त्रींचा आळस कंपनीच्या लेखी परंपरा ठरला. छप्पर तेवढं पत्र्याचं होतं. कंपनीनं त्यावर गवत अंथरून दिलं. गवताबरोबर उंदीर आले, ते मात्र सहलीच्या माहितीपत्रकात नव्हते.

वहिनींनी हे चालवून घेतलं त्याला कारण होतं. कंपनीच्या लाँचच्या इंजिनांचं काम मिस्त्रींकडे होतं आणि त्यावर घर चालत होतं. कंपनीला नाही म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

सहलीबरोबर एक मार्गदर्शक यायचा. माणसं चुकू नयेत म्हणून तो लाल छत्री उंच धरून पुढे चालायचा. बेटावर धक्क्यापासून वस्तीपर्यंत एकच वाट. चुकायचं म्हटलं तरी चुकायला दुसरीकडे जागा नव्हती. वस्तीनं त्याचं नाव छत्रीवाला पाडलं.

छत्रीवाला दारातून आत शिरे तो बोलतच. “या आजींनी आयुष्यभर दोर वळले. बाहेरच्या जगाशी यांचा काही संबंधच आला नाही.”

हे ऐकलं की वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सासूबाई बेटाच्या पोस्टात टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा लग्न व्हायचं होतं आणि निवृत्त झाल्या तेव्हा मिस्त्रींना मिशा फुटून पिकायला लागल्या होत्या. बेटावरच्या माणसाचा बाहेरच्या जगाशी जो काही संबंध आला, तो यांनीच जोडून दिला होता. कोणाचा मुलगा कुठे पास झाला, कोणाचं जहाज कोणत्या बंदरात अडकलं, पहिली बातमी त्यांच्या कानात. दोर वळायला त्या या वयात शिकल्या होत्या, तेही वाईट. सहल गेली की वहिनी तो दोर उलगडून ठेवायच्या आणि पुढच्या खेपेला तोच काथ्या पुन्हा हातात द्यायच्या.

“माझा दोर कोणी विहिरीला बांधू नये म्हणजे झालं,” सासूबाई म्हणायच्या. “बादली राहील खाली आणि माणूसही जाईल.”

त्या हसायच्या, म्हणून वहिनीही हसून सोडून द्यायच्या.

त्या दिवशी सहलीत एक हौशी छायाचित्रकार होता. त्याला खिडकीतून येणारा उजेड आवडला. एरवी मंडळी फोटो काढून चटकन निघायची. हा मात्र पाय रोवून उभा राहिला. आजींनी वर पाहावं, आजींनी खाली पाहावं, आजींनी बोटं जरा सावकाश चालवावीत. बाकीचे घरभर फिरत होते. एका बाईंनी डाळीचा डबा उघडून वास घेतला. एकाने पडदा बाजूला करून वहिनींची वळकटी पाहिली आणि बायकोला हाक मारली, “अगं, हे बघ, झोपतात कशावर!”

सासूबाईंनी वहिनींना डोळ्यांनी जवळ बोलावलं. “मला जायचंय,” त्या हळूच म्हणाल्या.

वहिनी छत्रीवाल्याकडे गेल्या. “भाऊ, मंडळींना जरा बाहेर घ्या. आईंना आत जायचंय.”

“पाचच मिनिटं, वहिनी. चाललंच आहे.”

पाच मिनिटांची पंधरा झाली. सासूबाईंची बोटं थांबली, चेहरा लालसर झाला. ‘छान, अशाच राहा,’ म्हणत छायाचित्रकार गुडघ्यावर बसून जवळ सरकला. वहिनी पुन्हा गेल्या.

“भाऊ, त्यांना थांबता येणार नाही.”

“अहो वहिनी, माणसं लाखभर लाटा खात आलीत. जरा सांभाळून घ्या ना. आजींना काय, सवय असेल.”

“कसली सवय?” वहिनींचा आवाज चढला. “लघवीला न जायची?”

कोणीतरी खोकलं. छत्रीवाला कसनुसं हसत म्हणाला, “वहिनी, लोकांसमोर असं...”

“लोकांसमोर? मग लोकांना बाहेर काढा! सकाळी कड्यावर काय केलंत? पक्ष्यांच्या घरट्याभोवती दोरी बांधलीत. पुढे पाऊल टाकायचं नाही, बोलायचं तर कुजबुजत. अंड्यावर बसलेली मादी दचकेल म्हणून! आणि माझ्या सासूच्या नाकापुढे हा गृहस्थ कॅमेरा घेऊन बसलाय. आम्ही कोणी पक्षी नाही म्हणून आम्हाला दोरी नाही का?”

एवढं बोलून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि वॉकर घेऊन आल्या. गर्दीतून वाट काढताना त्याचा पाय कोणाच्या तरी नडगीला लागला. वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“वहिनी, तो आत ठेवा! ठरलंय ना आपलं?” छत्रीवाला ओरडला.

सासूबाई उठल्या. छायाचित्रकाराला बाजूला व्हायला वेळ लागला, तोवर त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग टक टक करत दोन्ही बाजूंच्या माणसांमधून निघाल्या. मागच्या दारापर्यंत पोचल्या, पण त्यापलीकडे उशीर झाला होता. लुगड्यावरून ओघळ आला आणि लाकडी जमिनीवर पसरला. कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. कोणाच्या तरी कॅमेऱ्याचा आवाजही झाला.

वहिनींनी दार ओढून घेतलं. सासूबाईंचं लुगडं बदलताना त्यांना राग छत्रीवाल्याचा होता, मिस्त्रींचा होता आणि स्वतःच्या हातांचाही होता, कारण दर खेपेला वॉकर याच हातांनी आत नेला होता.

“रडू नकोस गं,” सासूबाई म्हणाल्या. “तुझं नाही गेलं काही. माझं गेलं.”



दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला: झालं ते झालं, पुढच्या खेपेला सगळं पूर्वीसारखं हवं, नाहीतर इंजिनांचं काम दुसऱ्याकडे जाईल. मिस्त्री धक्क्यावरून तो निरोप घेऊन आले आणि हातपाय न धुताच बसले.

“तू जरा गोडीनं घ्यायला हवं होतंस,” ते म्हणाले. “घरातली गोष्ट घरात...”

“घरात? अहो, घर राहिलंय कुठे? चावडी झालीय. तुमच्या आईचा फोटो आता कोणाकोणाच्या भिंतीवर लागणार आहे, ठाऊक आहे का? ओल्या लुगड्यातला?”

हे मिस्त्रींना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“फोटो काढला?” मिस्त्रींनी विचारलं.

“काढला.”

ते हाताला लागलेलं काळं ऑईल चोळत बसले. मग म्हणाले, “मासेमारीच्या होड्यांचीही इंजिनं बिघडतात. मरणार नाही आपण.” त्यांच्या आवाजात काळजी होती, ती वहिनींना ऐकू आली, पण शब्द मिस्त्रींनी मागे घेतले नाहीत.

पुढच्या खेपेला भोंगा वाजला तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या. शेगडी जिथे होती तिथेच राहिली. टीव्ही चालू होता. सासूबाई वॉकर पुढ्यात घेऊन बातम्या बघत होत्या. छत्रीवाला दारात आला, आत डोकावला आणि त्याचं तोंडच उतरलं.

“हे काय, वहिनी? कंपनीचा निरोप मिळाला नाही का?”

“मिळाला. मिस्त्री तुमच्या लाँचवर पुन्हा येणार नाहीत. कळवा कंपनीला.”

मागून एका बाईंनी मान पुढे केली. “आम्ही आत येऊ का?”

असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. वहिनी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“आज नको, बाई,” त्या म्हणाल्या. “आज माझी अंघोळ व्हायचीय.”

“अहो आजी, इतक्या लांबून आलीत माणसं!” छत्रीवाला काकुळतीला आला.

“मग समुद्र बघा म्हणावं. तो काही म्हणत नाही.”

त्या बाई ओशाळल्या, नमस्कार करून मागे झाल्या. छत्रीवाल्यानं घाईघाईनं छत्री उघडली, मंडळींकडे तोंड केलं आणि आपल्या पाठ केलेल्या आवाजात म्हणाला, “दुर्दैवानं आज हे घर बंद आहे. आपण पुढे जाऊ या.”

वहिनी पिठाच्या हातांनी तशाच उंबऱ्यावर आल्या. वाटेवरून वळणारी शेवटची माणसंसुद्धा थांबावीत इतक्या मोठ्यानं ओरडल्या, “घर बंद नाही! घर चालू आहे! आम्ही राहतो इथे!”