ठाकुर्लीचा सिक रिपोर्ट

फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि माझं पुढचं पोस्टिंग झालं ठाकुर्लीला. पोस्टिंग हा शब्द माझा. खरं म्हणजे ती साधी नोकरी होती, रेल्वे लाइनीमागच्या वस्तीत एका संस्थेने चालवलेल्या मोफत दवाखान्यात. दोन खोल्या, वर पत्रा, औषधांचा एक फ्रीज, एक डॉक्टर मॅडम आणि मी. घर डोंबिवलीत, सायकलने वीस मिनिटं. चोवीस वर्षं मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. बर्फात टाके घातलेत, हेलिकॉप्टरची वाट बघत माणसं जगवलीत. ठाकुर्लीत मला काय अवघड जाणार, असं वाटायचं.

फौजेत आजारी पडण्यालाही वेळ असते. सकाळी पीटीच्या आधी आजारी जवान एमआय रूमसमोर, म्हणजे युनिटच्या दवाखान्यासमोर, रांगेत फॉल-इन होतात. याला सिक रिपोर्ट म्हणतात. डॉक्टर तपासतात, रजिस्टरमध्ये शेरा मारतात. कुणाला आराम, कुणाला ‘मेडिसिन अँड ड्यूटी’. म्हणजे गोळी घे आणि कामाला लाग. उशिरा येणारा जवान आजारी कमी आणि कामचुकार जास्त, असं आमच्या सुभेदार साहेबांचं पक्कं मत होतं. माझंही तेच झालं.

मी आलो तेव्हा दवाखान्यात नुसता गोंधळ होता. दहा वाजता बाया मुलांना घेऊन दारात बसलेल्या, दादागिरी करणारा आधी आत, म्हातारी माणसं उन्हात. मी पहिल्या आठवड्यात टोकन सुरू केलं. काउंटर आठला उघडणार, नऊला बंद. ज्याच्या हातात टोकन त्यालाच डॉक्टर बघणार. बारापर्यंत लाइन साफ. मॅडम म्हणाल्या, “हवालदार, पहिल्यांदा मला जेवायला वेळ मिळतोय.” ते ऐकून मी फुगलो, हे कबूल करतो.

फक्त सुनंदाताईंना ते पटलं नाही. त्या वस्तीच्या आशा सेविका, इथल्याच आगरी गावातल्या. त्यांच्या लहानपणी इथे भातशेती होती. आता शेताच्या जागी इमारती आणि इमारतींच्या सावलीला ही वस्ती. कुणाच्या घरात कोण खोकतंय, हे त्यांना आमच्या रजिस्टरपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

“फौजी, तुमची लाइन बेस हाय,” त्या म्हणाल्या. “पन जो लायनीत येत नाय त्याचा काय?”

“का येत नाही?”

“नाक्यावरचा मानूस आठ ते साडेनऊ नाक्यावर उभा रातो. मुकादम त्याच टायमाला मानसं उचलतो. तुमचा काउंटर पन त्याच टायमाला.”

“मग एक दिवस काम सोडावं. तब्येत मोठी की काम?”

“एक दिवस सोडला तर चूल कोन पेटवील? तुमी?”

मी टोकनं मोजायला घेतली. एकाला सूट दिली की उद्या दहा जण मागतील, एवढंच मनात होतं. फौजेत आजारी जवानाचा पगार कापत नाहीत आणि युनिटच्या लंगरचं, म्हणजे मेसचं, जेवणही चुकत नाही. हा फरक माझ्या डोक्यातच आला नाही.

मारुती हा त्या नाक्यावरचा बिगारी, जालन्याकडचा, पस्तिशीचा. विटा आणि रेती वाहायचा. ज्या दिवशी साइट बंद होती त्या दिवशी तो वेळेत आला आणि मॅडमनी त्याला तपासलं. महिनाभराचा खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. मॅडमना टीबीचा संशय आला. त्यांनी त्याला झाकणाची डबी दिली. “सकाळी उठल्या उठल्या जो बेडका पडेल तो यात घेऊन या. आठ ते नऊमध्ये.” डब्यांची पेटी सव्वानऊला लॅबकडे निघायची.

दुसऱ्या दिवशी मारुती डबी घेऊन आला तेव्हा पावणेदहा वाजले होते. नाक्यावर काम मिळालं नव्हतं, म्हणून तो आला होता.

“पेटी गेली. उद्या आठला ये.”

“बरं साहेब.”

चार दिवसांनी पुन्हा आला, नऊ चाळीसला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तो मान हलवून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा साडेनऊ झाले होते. धावत आल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, नुसती डबी पुढे धरली होती. मी म्हणालो, “नऊ म्हणजे नऊ.” खोलीत फ्रीज होता. डबी त्यात ठेवली असती तर दुसऱ्या दिवशीच्या पेटीतून गेली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण टोकन नाही तर नमुना नाही, हा नियम मीच केलेला. नंतर तो आला नाही. महिन्याच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, टोकन घेतलेले सर्व रुग्ण तपासले. ते खोटं नव्हतं.

मध्ये दोन महिने गेले. एका गुरुवारी सकाळी अकरा वीसला सुनंदाताईंचा फोन आला.

“फौजी, मारुती रगत टाकतय. लय रगत.”

“लोकेशन?”

“त्याच्या घरी. पाइपलाइनच्या मागची गल्ली.”

“कुशीवर झोपवा. पाठीवर नको. पाणी देऊ नका. त्याला बोलू देऊ नका.”

मॅडमनी अँब्युलन्सला फोन लावला. मी बॅग उचलली आणि पळालो. अकरा सव्वीसला पोहोचलो. खोलीत मारुती, त्याची बायको शेवंता आणि सुनंदाताई. शेवंताच्या हातात स्टीलची परात होती आणि ती जवळजवळ भरली होती. नाडी एकशे चाळीसच्या वर, ओठ निळे. गल्ली इतकी अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. मी दोरीवरची चादर ओढली, शेजारचे तिघे बोलावले आणि चार कोपऱ्यांना चौघे लागलो.

“उचल म्हटलं की उचलायचं. पायात बघा. चला.”

फौजेत जखमींना असंच काढलंय, डोंगरउतारावरून. इथे मोरीचं पाणी आणि सायकली चुकवत काढलं. मारुतीने एकदा माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी म्हणालो, “बोलू नको.” तो गप्प राहिला. अकरा चाळीसला मोठ्या रस्त्यावर आलो. अँब्युलन्स अकरा अठ्ठेचाळीसला आली. ऑक्सिजन लावला, सलाइन लावली. अकरा अठ्ठावन्नला त्याचा श्वास थांबला. बारा पाचला हॉस्पिटलच्या दारात उतरवेपर्यंत मी छाती दाबत होतो. सव्वाबाराला तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. मी सांगितलं म्हणून तो शेवटपर्यंत बोलला नाही.

सुनंदाताई शेवंताजवळ जाऊन बसल्या. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. तीन वेळा आला होता, तीनही वेळा मी परत पाठवला. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, “मीही कधी विचारलं नाही की त्या डबीचं काय झालं. टाइम बदलायचा?”

“येस मॅडम.”

पुढच्या सोमवारी सकाळी सातला सुनंदाताई आणि मी नाक्यावर उभे राहिलो. मला बघून पंधरा-वीस माणसं धावतच आली. उंच माणूस, बूट, हातात वही. त्यांना वाटलं मुकादम. मी पिशवीतून डब्या काढल्या तशी सगळी मागे सरकली. मग सुनंदाताईंनी आवाज चढवला, “अरे खोकताव ना रातभर? मंग इकडं या की! काम सोडाचा नाय, नुस्ता थुकाचा हाय!” नाका हसला. त्या दिवशी सहा डब्या भरल्या. दोघांना टीबी निघाला. दवाखानाही आम्ही संध्याकाळी सात ते नऊ उघडा ठेवू लागलो. माझी लाइन मोडली. पुन्हा मुलं रडतात, माणसं भांडतात, मॅडम उशिरा जेवतात.

नोकरीत माझ्या हातात दोन जवान गेले. दोघांना तिरंगा मिळाला, सलामी मिळाली, युनिटच्या स्मारकावर त्यांची नावं कोरली आहेत. दर वर्षी ते गेले त्या दिवशी मी घरात उभा राहून त्यांची नावं घेतो. आता तिसरं नाव घेतो. पहिल्या दोघांना शत्रूच्या गोळीने मारलं. मारुतीच्या बाबतीत मला तसं म्हणता येत नाही.

घरातल्यांच्या तपासणीत शेवंतालाही टीबी निघाला. ती घरकामं आटोपून संध्याकाळी गोळ्या न्यायला यायची. सहा महिने एकही खाडा नाही. शेवटची गोळी तिने माझ्यासमोर घेतली. मॅडमनी तिला बरी झाल्याचं सांगितलं. ती निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. इतके दिवस तोंडातून निघालं नव्हतं.

“शेवंताबाई, मारुती तीन वेळा डबी घेऊन आला होता. मी घेतली नाही.”

“माहिताय मला.”

“तो काही बोलला होता?”

तिने पदर खोचला. “म्हनायचे, फौजी टायमाचा लई पक्का मानूस हाय. चूक आपलीच, आपनच उशिरा जातो.”