पुसलेला चेंडू

चेंडू टेबलावरून खाली पडला. माझ्या बहिणीनं उचलून दिला. समोरच्या मुलीनं रुमाल काढला, चेंडू पुसला, मगच सर्व्हिस केली. दर वेळी तेच.

बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या क्लबात टेबल-टेनिसचे सामने होते. ती मुलगी तिथल्या साहेबाची. आमचा बाप कारखान्याच्याच कॉलनीतले संडास साफ करायचा. हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं. काही जण हसले. पंच गुण मोजत राहिला.

बहीण नववीत. मला नगरच्या कॉलेजात असताना या खेळाचा नाद लागला होता; शाळेच्या टेबलावर मीच तिला शिकवलं. सरावात तिचा बॅकहँड मला परतवता यायचा नाही. त्या दिवशी तिचा हातच उचलेना. हरली.

क्लबाचे सेक्रेटरी पान चघळत म्हणाले, "सरावाचं काय रे. सामन्याला रक्तात दम लागतो."

माझ्या तोंडात घाण साचल्यासारखं झालं.

घरी बहीण म्हणाली, "दादा, उद्यापास्नं तू बी चेंडू पूस."

"येडी हाय का तू?"

"सवय हू दे. मंग मॅचमधी हात न्हाई थांबनार."

पुसला मी. रोज. हातात फडकं घेऊन, तिच्याकडं न बघता. आधी ती रडली. मग रडायची थांबली. मग तिची नजर चेंडूवरून हलेना. सराव संपला की मी फडकं कोपऱ्यात भिरकावायचो.

पुढच्या सामन्यांत पुन्हा तीच मुलगी. पुन्हा रुमाल. बहिणीनं पहिला गेम सहज मारला. सेक्रेटरी माझ्याजवळ आले, अंतर राखून उभे राहिले. "शाबास. मनाला लावून घ्यायचं नाही, हे शिकवलंस ते बरं केलंस."

किळस आली. त्यांची आली, त्याहून जास्त आमच्या त्या सरावाची. आमची पोर घाण गिळायला शिकली, म्हणून ही शाबासकी.

मी उठून टेबलापाशी गेलो. पंचाला म्हणालो, "चेंडू पुसणं बंद होईस्तोवर खेळ व्हायचा नाही."

"खाली बस. नाहीतर हिला बाद करीन."

मी बहिणीकडं बघितलं. जिंकत होती ती. तिनं बॅट टेबलावर ठेवली.

"करा बाद," ती म्हणाली.

केलं.

दुसऱ्या दिवशी सराव पुन्हा सुरू झाला, फडक्याशिवाय. हळूहळू वस्तीतली आणखी पोरं आली. आजही येतात; त्यांना मी सर्व्हिस शिकवतो, बॅकहँड शिकवतो. आणि चालू खेळ कुठं थांबवायचा, तेही. गिळायला कुणालाच शिकवणार नाही.