सगळ्यांचे वाईट महिने

कपाटात गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदत्वाचा कोरा अर्ज सापडला आणि डोकंच फिरलं. नव्वदच्या दशकात आमच्या इकडे, तेलुगू मुलखात, जिकडेतिकडे बिल्डर उगवले होते. सोसायटीत नाव घालायचं की सिकंदराबादच्या बिल्डरचा फ्लॅट घ्यायचा, यावर आमची रोज भांडणं. मला सोसायटी हवी होती. ह्यांना तिथल्या सभा नकोत. शेवटी मी हरले, फ्लॅट ठरला. तर सासूबाई म्हणाल्या, "इथले तेलुगू लोक आषाढ अशुभ म्हणून घर घेत नाहीत, थांबा." श्रावणात ह्यांचंच मन डळमळलं, पाठोपाठ आपला पितृपक्ष. दसऱ्याला पेढे घेऊन गेलो, तर बिल्डर म्हणाला, "क्या अम्मा, वो तो कबीच बिक गया!" सोसायटीची यादीही भरली होती. आज घर भाड्याचंच आहे, पण एकाही वाईट दिवशी घेतलेलं नाही.