इस्त्रीमावशीची मध्यस्थी

इस्पितळाच्या लाँड्रीत यंत्रांचा असा घरघराट चालतो, की तिथे प्यायला पाणी हवं असलं तरी ओरडूनच मागावं लागतं. इस्त्रीमावशीची उभी हयात त्या खोलीत गेली. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा होता आणि हातात वाफेची इस्त्री. आवाज असा कमावला होता, की तिने कुजबुजत केलेली चुगलीही तीन घरं सोडून ऐकू जाई. म्हणूनच मी कुणाची चुगली करत नाही, असं तीच हसून सांगायची.

चर्चमध्ये मात्र हा आवाज तिला भोवला. दर रविवारी मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची प्रार्थना व्हायची. आजाऱ्यांसाठी एकजण करी, प्रवाशांसाठी दुसरा, आणि सगळ्यांत शेवटी देशाच्या अध्यक्षांसाठी. या शेवटच्या प्रार्थनेचे शब्द सरकारी कचेरीतून ठरवून आले होते. अध्यक्षांचं पूर्ण नाव सगळ्या पदव्यांसकट घ्यायचं, मागच्या बाकावर बसणाऱ्या सरकारी माणसाला ते नीट ऐकू गेलं पाहिजे, आणि मग मंडळीने मोठ्याने आमेन म्हणायचं. हे लोढणं गळ्यात घ्यायला कुणी तयार होईना. कुणाचा घसा नेमका रविवारीच बसायचा, कुणाचा चष्मा घरी राहायचा. शेवटी पाळकसाहेबांची नजर मावशीवर गेली.

“मावशी, तुमचा आवाज खणखणीत आहे हो.”

झालं. त्या दिवसापासून अध्यक्ष मावशीच्या गळ्यात पडले ते कायमचे.

तिला त्यात वावगंही वाटलं नाही. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. फक्त चांगल्याच अधिकाऱ्यांसाठी करावी, असं काही तिला कुणी सांगितलं नव्हतं. दर रविवारी ती उभी राहायची आणि म्हणायची, “प्रभू, यांना दीर्घायुष्य दे, यांना निरोगी ठेव, वैऱ्यांच्या हातून सोडव, आणि प्रत्येक प्रवासातून सुखरूप घरी आण.” मग खाली बसून घरी भाजी काय करायची याचा विचार करायची.

मग बोक्याला नेलं.

बोका म्हणजे तिचा मुलगा. लहानपणी दुधावरची साय बोटाने काढून खायचा, म्हणून बोका. पुढे मिशा फुटल्या, वायरमनचं काम शिकला, वीसेक किलोचं वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून दोन-दोन जिने चढायला लागला, तरी नाव सुटलं नाही. त्याच्या एका मित्राला पोलिसांनी उचललं होतं आणि कुठे ठेवलंय ते कुणी सांगेना. बोक्याने एका पुठ्ठ्यावर ‘माझा मित्र कुठे आहे?’ एवढंच लिहिलं आणि तो चौकात जाऊन उभा राहिला. ना घोषणा, ना दगड. मावशी त्याला म्हणाली होती, “अरे, तुला एकट्यालाच शहाणपण सुचलंय का?” तो म्हणाला, “आई, मी नुसतं विचारतोय.” नुसतं विचारणाऱ्याची सरकारला किती भीती वाटते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात त्यालाही उचललं.

मावशी चौकीवर गेली, तुरुंगाच्या फाटकावर गेली, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, इथे नाही. देवापुढे बसावं तर शब्द सुचेनात. रडूनरडून घसा सुकला, की नुसतं ‘प्रभू, प्रभू’ व्हायचं. आणि तेव्हा तिला ती प्रार्थना आठवली. मावशीने साधा हिशेब केला. इतकी वर्षं आपण त्या माणसासाठी हे शब्द म्हणतोय, आणि त्याला साधं पडसं झाल्याचं ऐकलं नाही. लाँड्रीच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, गाल टोमॅटोसारखे. म्हणजे शब्दांत ताकद आहे. मग ती रोज बोक्याच्या रिकाम्या खाटेशी गुडघे टेकायची आणि तेच शब्द म्हणायची, फक्त नाव बदलून. आमच्या बोक्याला दीर्घायुष्य दे. बोक्याला निरोगी ठेव. वैऱ्यांच्या हातून सोडव.

जे व्हायचं तेच झालं. एका रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली, डोळे मिटले, आणि जिभेने सवयीची वाट धरली. भरल्या मंडळीत, खणखणीत आवाजात ती म्हणाली, “प्रभू, आमच्या बोक्याला दीर्घायुष्य दे.” आणि थेट ‘सुखरूप घरी आण’पर्यंत गेली. मंडळीही सवयीचीच. सगळे एका सुरात आमेन म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या काकांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मागच्या बाकावरचा सरकारी माणूस उठून बाहेर गेला होता.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब घामाघूम होऊन आले. “मावशी, काय करून बसलात हे?”

“चुकून झालं, साहेब. आईशपथ चुकून झालं.”

“त्यांना कोण पटवणार चुकून झालं म्हणून?”

मावशीने त्यांना आपला सगळा हिशेब सांगितला, टोमॅटोसारख्या गालांसकट. पाळकसाहेब ऐकता ऐकता बाकावर बसले. आधी त्यांना हसू आलं, आणि मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्यातही फार धीर नव्हता. पण मन होतं.

दुसऱ्या दिवशी चौकीवरून बोलावणं आलं. तिथल्या पोलीससाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मावशीला चहाचीच जास्त धास्ती वाटली.

“घाबरू नका, मावशी. माणूस चुकतो,” साहेब म्हणाले. “येत्या रविवारी मी स्वतः येणार आहे. पूर्ण नाव घ्या, मोठ्याने आणि मनापासून. मग तुमच्या मुलाचं काय करता येईल ते बघतो मी.”

“म्हणजे तो आहे? बरा आहे?”

“तुम्ही रविवारचं बघा. बाकीचं माझ्यावर सोडा.”

मावशी तरंगतच घरी आली. देवाला फसवतोय का आपण, असा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण पोटच्या पोरासाठी ती अध्यक्षांचंच काय, त्यांच्या घोड्याचंही नाव घ्यायला तयार होती. भांडी घासताना, लाँड्रीत चादरी रोलरला लावताना ती त्या पदव्या पुटपुटत राहिली. बोक्याच्या खाटेवर धुतलेली चादर घातली. शेजारणीला म्हणालीसुद्धा, “येईल बघ आता.”

शुक्रवारी शवागाराचं गाठोडं आलं. ही गाठोडी काळ्या पट्टीने बांधलेली असतात आणि वेगळी, उकळत्या पाण्यात धुतात. मेलेल्या माणसांचे कपडे धुऊन गोरगरिबांना वाटायची तिथली रीत होती. वाळलेल्या कपड्यांची रास मावशीपुढे आली. तिने करडा शर्ट उचलला, फळीवर पसरला आणि सवयीने आधी कॉलर धरली. कॉलर उलटून शिवलेली होती. विरलेली बाजू आत, चांगली बाजू वर. तिसरं बटण निळं होतं, तिच्या जुन्या झग्याचं. ते लावताना बोका म्हणाला होता, “आई, निळं बटण कसं दिसेल गं?” आणि ती म्हणाली होती, “तुला कोण बघतंय?”

इस्त्री हातात तशीच राहिली. गाठोडी सोडणारी बाई काहीतरी ओरडून विचारत होती. मावशीला ऐकू येत नव्हतं.

ती शर्ट घेऊन तशीच शवागारात गेली. तिथल्या कारकुनाने शर्टाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. “अनोळखी म्हणून आला होता, मावशी. मागच्या शनिवारी पुरला. कुणाला सांगू नका मी बोललो म्हणून.”

मागच्या शनिवारी. म्हणजे त्या रविवारी ती चुकली आणि सगळी मंडळी बोक्यासाठी आमेन म्हणाली, तेव्हा तो आदल्या दिवशीच मातीआड झाला होता. आणि सोमवारी साहेब चहा पाजून जे बघतो म्हणाले होते, ते काय बघणार होते? आयुष्यात पहिल्यांदा तिने देवाकडे एका माणसाचं, त्या अध्यक्षांचं, वाईट व्हावं असं मागितलं, आणि पुनःपुन्हा मागितलं. मग परत येऊन शर्टाला इस्त्री केली. दुसरं काय करणार होती?

रविवारी साहेब पहिल्याच बाकावर बसले. मावशी हातात पिशवी घेऊन उभी राहिली. काय झालंय ते तिने पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. तिने डोळे मिटले नाहीत. अध्यक्षांचं पूर्ण नाव, एकही पदवी न गाळता, खणखणीत आवाजात घेतलं. साहेबांनी मान डोलावली.

“प्रभू, यांना दीर्घायुष्य दे,” मावशी म्हणाली. “खूप दे. माझ्या बोक्याच्या वाट्याचं उरलंय, तेही यांनाच दे. यांना पश्चात्ताप करायला फार वेळ लागणार आहे.”

साहेबांची मान थांबली.

“यांना निरोगी ठेव. डोळ्यांनी दिसू दे, कानांनी ऐकू येऊ दे. वैऱ्यांच्या हातून सोडव. माझ्याही हातून सोडव, प्रभू, कारण परवापासून मी यांची वैरीण झालेय, आणि मला तसं राहायचं नाही.”

एवढं बोलून ती थांबली. प्रार्थनेचा एकच तुकडा उरला होता. सगळी मंडळी खाली मान घालून वाट बघत होती. मावशीने पिशवीतून घडी केलेला शर्ट काढला आणि छातीशी धरला. निळं बटण सगळ्यांना दिसलं. पाळकसाहेबांनी तोंडावर हात ठेवला.

“हे शेवटचं मात्र माझ्या बोक्यासाठी राहू दे,” ती म्हणाली. “सुखरूप घरी आण.”

लाँड्रीत कमावलेला तो आवाज इतका बारीक झाला होता, की मागच्या बाकापर्यंत काही गेलंच नसेल. मग म्हातारे काका काठी टेकत उभे राहिले, त्यांच्यामागे एकेक बाक उभा राहिला, आणि मंडळी आमेन म्हणाली. या खेपेला चुकून नव्हे.